बोर्ड तोच, प्रोसेसर नवा: रायझन ५ ५६००

माझ्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर, रायझन ५ १६००, हा २०१७चा गडी. ऑक्टोबर २०२५मध्ये विंडोज १०चे अपडेट थांबले, विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत हा बसेना. तरी ढकलत होतो. मग भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ कापताना टास्क मॅनेजर उघडला: प्रोसेसर १०० टक्के, ग्राफिक्स कार्ड निवांत. ठरलं.

पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गाडी लावायलाच अर्धा तास गेला. दुकानदार नवा मदरबोर्ड, नवी रॅम गळ्यात मारू पाहत होता. अहो, एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, तेच आहे! माझ्या बी४५० बोर्डवर ५६०० चालतो; फक्त जुना प्रोसेसर काढण्याआधी बायॉस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करायचा. कोअर सहाच, टीडीपीही (उष्णतेचा ठरलेला आकडा) ६५ वॅटच, पण व्हिडिओ कापताना टाइमलाइन आता अडखळत नाही. सोबतचा पंखा मात्र दुपारी जरा घोंघावतो.