गोल अटेनमेंट स्केलिंग: प्लेसमेंटमध्ये आठ महिने वापरल्यानंतर

एम.ए. समुपदेशन मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला परळ भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत माझी प्लेसमेंट होती. जुलै ते फेब्रुवारी, आठवड्यातून दोन दिवस. कॉलेजला माझ्याकडून फक्त लॉगबुक हवं होतं: किती तास भरले, किती मुलं पाहिली, किती सत्रं झाली आणि खाली शाळेचा शिक्का. जुलै संपताना माझे तास चोख भरले होते. पण एखाद्या मुलाचं नाव घेऊन कुणी विचारलं असतं, 'याच्यात काय फरक पडला?', तर मला सांगता आलं नसतं. ते मला फार लागलं. म्हणून गोल अटेनमेंट स्केलिंग, म्हणजे ठरवलेलं उद्दिष्ट किती गाठलं ते मोजण्याची पद्धत, ही मोजपट्टी हातात घेतली.

अमेरिकेत कायरसुक आणि शर्मन यांनी 1968 साली ती मांडली, तीही शाळांसाठी नव्हे, सामुदायिक मानसिक आरोग्य केंद्रांच्या कामाचं मूल्यमापन करायला. एका मुलासाठी एक कागद पुरतो. प्रत्येक उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या, −2 पासून +2 पर्यंत. ठरल्याप्रमाणे झालं तर 0, त्याहून बरं झालं तर +1 किंवा +2, कमी पडलं तर उणे. अट एवढीच की प्रत्येक पायरी काम सुरू करण्याआधी लिहायची आणि डोळ्यांना दिसेल अशी लिहायची. 'आत्मविश्वास वाढेल' असं लिहून भागत नाही.

माझ्याकडे चौथीतला एक मुलगा होता. वाचनाची पाळी त्याच्यापर्यंत येऊ लागली की दोन बाकं आधीच हात वर. 'बाई, पाणी पिऊन येऊ?' वर्गाला वाटायचं, टाळाटाळ करतोय. शेजारी बसवून वाचून घेतलं तेव्हा कळलं, रफार आला की तो अडतो. 'पर्वत'चं 'परवत' व्हायचं, 'सूर्य'पाशी बोट थांबायचं, आणि पुढची साधी ओळही मग लागायची नाही. एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द 24. त्याच्यासाठी दोन उद्दिष्टं लिहिली. मिनिटाला 40 शब्द हे एकाचं 0. दुसऱ्याचं 0 म्हणजे आठवड्यातल्या पाचांपैकी तीन पाळ्या जागेवर बसून वाचणं, दोन ओळी का होईना.

पहिली चूक मी इथेच केली. आजची स्थिती −2 वर लिहिली. गणपतीला तो गावी गेला, दहा-बारा दिवसांनी आला, आणि मिनिटाला 21 शब्द. घसरण नोंदवायला कागदावर जागाच उरली नव्हती! मी पुन्हा −2 च लिहिला, म्हणजे काहीच बिघडलं नाही असं दिसलं. ऑक्टोबरपासून सगळे कागद बदलून आजची स्थिती −1 वर आणली. कोणी नव्याने सुरू करत असाल तर हे पहिल्याच दिवशी करा. गणपती, दिवाळी, मे महिना, आपल्या मुलांच्या वर्षात असे खंड असणारच.

सगळ्यात जास्त शिकवलं ते दुसऱ्या गुणांकनाने. डिसेंबरमध्ये मी त्याला पाळीच्या उद्दिष्टावर 0 दिला. वर्गशिक्षिकांनाही, माझा आकडा न दाखवता, तोच कागद दिला. त्यांनी −1 लिहिला. मला आधी रागच आला. मग विचारलं तर म्हणाल्या, 'तुमच्यासमोर वाचतो हो, ग्रंथालयाच्या खोलीत. माझ्या वर्गात चाळीस पोरं ऐकत असतात.' खरं होतं. माझं काम खोलीत संपत होतं आणि मुलाची अडचण वर्गात होती. जानेवारीपासून मी खोली सोडली, वर्गात मागच्या बाकावर बसू लागले. बाई त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवायच्या, उद्या कुठल्या दोन ओळी येणार ते. घरी आईसमोर त्या ओळी म्हणून यायच्या, एवढंच.

फेब्रुवारीअखेर शब्द 38, म्हणजे 0 च्या जरा अलीकडेच. पाळीवर मात्र बाईंनी स्वतः +1 लिहिला आणि शेऱ्यात नोंद केली: 'पाणी मागितले, वाचून झाल्यावर.'

उणिवाही आहेत. उद्दिष्ट सोपं ठेवलं की कुणीही +2 मिळवेल, त्यामुळे पायऱ्या लिहितानाच मार्गदर्शकांची नजर फिरायला हवी. वाचनासारख्या गोष्टीला सोबत दर आठवड्याला मिनिटात किती शब्द वाचले याचा आलेख लागतोच, नुसत्या पाच पायऱ्यांत चढउतार लपतात. सगळ्या उद्दिष्टांचा मिळून एकच आकडा, टी-गुण (50 हा मध्य धरलेली प्रमाणित मोजणी), काढता येतो, सगळीकडे 0 आला तर 50. पालकांना त्या आकड्याचा काही उपयोग झाला नाही, पायरीचं वाक्य वाचून दाखवलं की लगेच समजायचं. आणि हे निदान नव्हे. अध्ययन अक्षमतेची शंका असेल तर सायन रुग्णालयासारख्या ठिकाणी रीतसर तपासणीच हवी, परीक्षेतल्या सवलती त्या प्रमाणपत्रावर मिळतात, या कागदावर नाही.

अमेरिकेत शालेय मानसशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संघटना, नास्प, तासांचा आग्रह धरतेच: इंटर्नशिप किमान 1200 तासांची, त्यातले 600 शाळेत. पण अभ्यासक्रमाला मान्यता हवी असेल तर प्रशिक्षणार्थींच्या कामाने मुलांना फायदा झाला हेही दाखवावं लागतं, आणि त्यासाठी ही मोजपट्टी तिथे वापरली जाते. आमच्या लॉगबुकात एवढं एक पान वाढवायला काय हरकत आहे, हे मी मार्गदर्शकांना लेखी विचारलं आहे. तास भरलेली मी आणि त्या मुलाला वाचतं करणारी मी यांत काय फरक आहे ते त्या पानावरच दिसतं.

वेळेचं म्हणाल तर एका मुलाचा कागद लिहायला पहिल्यांदा तास लागला, नंतर वीस मिनिटं. आठ महिन्यांत अकरा मुलांचे कागद झाले. दोघं मध्येच शाळा सोडून गेली, त्यांचे कागद अर्धे आहेत. उरलेल्या नऊ जणांचे, पालकांना विचारून, वर्गशिक्षिकांकडे ठेवले आहेत. जूनमध्ये माझ्या जागी जी मुलगी येईल तिला त्या मुलाचं −1 कुठून सुरू करायचं ते तरी शोधत बसावं लागणार नाही.