वांचो भाषा: नवी लिपी की देवनागरी?

अरुणाचलच्या लाँगडिंग जिल्ह्यात बोलली जाणारी वांचो ही तिबेटो-बर्मी भाषा. शिक्षक बानवांग लोसू यांनी २००१ ते २०१२ एवढी वर्षं खपून तिच्यासाठी लिपी घडवली. २०१९ मध्ये ती युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक-मोबाइलवरच्या अक्षरांच्या जागतिक प्रमाण यादीत आली. त्याआधी कुणी देवनागरीत लिही, कुणी रोमनमध्ये.

देवनागरीची सोय उघड आहे. हिंदीमुळे मुलांना ती येतेच, छपाईचीही अडचण नाही. पण वांचोत सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि तिथे आपली लिपी अडते. काना, मात्रा, वेलांटी सगळं आहे, सुराला मात्र रोजच्या लिखाणात खूण नाही. लोसूंच्या लिपीत सुरांसाठी चार खुणा आहेत. शिवाय स्वर हे स्वतंत्र अक्षर. आपण ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, उच्चार मात्र नंतर. तिथे ‘क’ नंतर ‘इ’ सरळ ओळीने येतो. पहिलीतल्या पोराला हे केवढं सोपं! अंकही दहाच्या दहा स्वतःचे.

मोठ्यांना ती नव्याने गिरवावी लागेल, हे खरं. तरी मला वाटतं, वांचो मुलांनी आपली भाषा याच अक्षरांत लिहावी. देवनागरी हिंदीच्या तासाला आहेच.