जीपीए एजन्सीकडून काढून घ्यायचा की आहे तसा लिहायचा?

गेल्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला, रात्री साडेअकराला, आवाज रडवेला. "दादा, माझा जीपीए तीनच्या खाली जातोय." कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची आहे, अमेरिकेत मास्टर्सला अर्ज करतेय, सीजीपीए १० पैकी ७.४, आणि तिकडचा जीपीए ४ पैकी. बाईसाहेबांनी काय केलेलं, तर ७.४ भागिले १० गुणिले ४, उत्तर २.९६. लिस्टमधल्या दोन कॉलेजांनी किमान ३.० मागितलेला, म्हणून ती दोन्ही कॉलेजं परस्पर कापून मोकळी. पॉइंट झिरो फोरसाठी!

हसायला आलं, पण मी पण अगदी हेच केलेलं. फक्त माझ्या वेळी टक्के होते, ६७, आणि सगळे २५ ने भागायचे. २.६८ आला, चार दिवस जेवण गोड लागलं नाही.

तर भागाकार हा ऑप्शन आधी डोक्यातून काढा. तिकडे जीपीए म्हणजे प्रत्येक विषयाला ग्रेड, ए चे ४, बी चे ३, त्याला त्या विषयाचे क्रेडिट गुणायचे आणि सरासरी काढायची. ए साठी तिकडे साधारण ९० लागतात हे खरं, पण तिकडे ९५ मिळतात पण. आमच्याकडे ६६ ला डिस्टिंक्शन, थर्मोमध्ये ६२ पडले की पोरगं पार्टी द्यायचं. त्या ६२ ला २५ ने भागलं की २.४८, म्हणजे आपणच आपल्या हाताने स्वतःला सी प्लस देतो. आणि सीजीपीएचे आधी टक्के करू म्हणाल तर तिथेही एकवाक्यता नाही, सीबीएसई दहावीला ९.५ ने गुणायची, एआयसीटीईच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० आणि ७.२५ म्हणजे ६५. बहिणीचेच ७.४ एका हिशोबाने ७०.३ आणि दुसऱ्याने ६६.५. पोरगी तीच, मार्कशीट तीच.

खरे ऑप्शन दोनच. एक, वेस, ईसीई वगैरे एजन्सी असतात, आपले मार्क तिकडच्या ग्रेडमध्ये बसवून रिपोर्ट देणाऱ्या, त्यांच्याकडून विषयवार इव्हॅल्युएशन करून घ्यायचं. दोन, मार्कशीटवर जे आहे तेच फॉर्ममध्ये लिहायचं, ७.४ आउट ऑफ १०, बस. मी दोन्ही केलंय, दोन कॉलेजांना एजन्सीचा रिपोर्ट आणि बाकीच्यांना आहे तसे ६७, म्हणून थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

एजन्सीची चांगली बाजू आधी, कारण ती खरंच चांगली आहे. तिथे कोणी २५ ने भागत नाही, विषय घेऊन एकेक ग्रेड लावतात, आणि आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांच्या बाबतीत साठच्या पुढचा विषय सरळ ए मध्ये जातो (तक्ता विद्यापीठागणिक बदलू शकतो, त्यामुळे माझ्यावर केस टाकू नका). वेसचं फुकट कॅल्क्युलेटर आहे ऑनलाइन, त्यात नुसते मार्क टाकून बघितले तरी बीपी नॉर्मलला येतं. माझा २.६८ चा बागुलबुवा ३.५ च्या वर निघाला. त्या रात्री झोप लागली शांत.

पण एक गंमत सांगतो जी आधी कोणी सांगत नाही. माझ्या रूमपार्टनरला ६३ टक्के, माझ्यापेक्षा चार कमी, आणि रिपोर्टमध्ये जीपीए त्याचा माझ्याहून जास्त! कारण तो सगळ्या विषयात ६१, ६४, ६२ असा बैलगाडीसारखा एका चालीने गेलेला. माझं म्हणजे मशीन डिझाइनला ८४ आणि एम थ्रीला, म्हणजे मॅथ्सच्या तिसऱ्या पेपरला, ४२. माझे ८४ पण ए, त्याचे ६१ पण ए, वरचे तेवीस मार्क हवेत गेले, आणि एम थ्रीचा सी मात्र जसाच्या तसा येऊन बसला. म्हणजे सगळीकडे फर्स्ट क्लास असलेल्या माणसासाठी एजन्सी सोन्यासारखी, आणि टॉपर किंवा आमच्यासारखे चढउतारवाले यांचं वरचं शिखर त्यात सपाट होतं. विद्यापीठात पहिला आलेला आणि जेमतेम फर्स्ट क्लासवाला कागदावर भाऊ भाऊ.

आहे तसं लिहिण्यात हे होत नाही. ८४ हे ८४ च दिसतात. भारतातून इतके अर्ज येतात की बऱ्याच ठिकाणी ॲडमिशनवाल्यांना आपले मार्क वाचायची सवय झालेली असते, ६७ बघून कोणी दचकत नाही. स्टॅनफर्डसारखं विद्यापीठ तर मास्टर्स-पीएचडीच्या अर्जदारांना स्पष्ट सांगतं की मार्कशीटवर आहे तोच आकडा आणि तेच स्केल टाका, कन्व्हर्ट करू नका. बरं, ज्यांना मी एजन्सीचा रिपोर्ट पाठवला त्यातल्या एकांनी नंतर मेल केला की आमची टीम स्वतःच बघते, रिपोर्टबद्दल आभार. आभार! दोनशे डॉलरच्या आसपास खर्च झालेला.

पण पैसे गेले त्याचं एवढं नाही. माझा निकाल लागला तो पाकिटावर.

एजन्सीला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या मार्कांचा विद्यापीठाचा अधिकृत कागद, आपल्या हातची चालत नाही, थेट विद्यापीठाकडून लागते. कॉलेजकडून नाही हं, परीक्षा विभागाकडून, त्यांचा फॉर्म भरून, सीलबंद पाकिटात, आणि पाकीट जिथे चिकटवतो तिथे फ्लॅपवर आडवा शिक्का आणि सही. (हल्ली काही विद्यापीठं ऑनलाइन पाठवतात म्हणे, तुमचं त्यात असेल तर हा पॅरा सोडून द्या, नशीबवान आहात.) मी तेव्हा चाकणला नोकरीला, विद्यापीठ सहा तासांवर. हाफ डे चालत नाही, पूर्ण सुट्टी. पहिल्यांदा गेलो तर चलन भरायची खिडकी एकला बंद. दुसऱ्यांदा ट्रान्सक्रिप्ट मिळाली पण सही करणारे साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा सगळं जुळून आलं, साहेब जागेवर, पाकीट जागेवर, आणि शिक्क्याचं पॅड वाळलेलं. तिथल्या शिपाई मामांनी त्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि फ्लॅपवर शिक्का मारला, तो असा उठला की जणू कोणी ओला कप ठेवलाय. मी म्हटलं मामा, हा वाचता येत नाही. तर म्हणाले, "अरे सेलोटेप लावलाय की वरून, कोण उघडतंय." मी पण थकलेलो, कुरिअर करून टाकलं. तीन आठवड्यांनी पोर्टलवर लाल अक्षरात, कागदपत्र स्वीकारता येत नाही, पुन्हा मागवा. डेडलाइनला उरलेले सोळा दिवस. चौथी चक्कर मारली, मॅनेजरला आजीचं कारण सांगून, आजी ठणठणीत होती.

दुसऱ्या बाजूला बाकीच्या कॉलेजांना मी काय केलं? घरी बसून मार्कशीट स्कॅन केल्या, अपलोड केल्या, संपलं. अर्ज करताना बहुतेक ठिकाणी स्कॅन चालतो, सीलबंद प्रकार ॲडमिशन मिळाल्यावर, आणि तो पण ज्या एका कॉलेजला जाणार त्यापुरताच. तेव्हा तुम्ही खुशीत असता, शिक्का पुसट उठला तरी हसू येतं.

आहे तसं लिहायचं तर थोडी तयारी मात्र ठेवा, नुसते ६७ फेकून गप्प बसू नका. मार्कशीटच्या मागे ग्रेडचा तक्ता असतो, लोक तो स्कॅनच करत नाहीत, तो करा. वर्गात कितवे आहात ते रँक चांगला असेल तर डिपार्टमेंटकडून लेटरहेडवर घ्या, किंवा रेकमेंडेशन लेटर देणाऱ्या सरांना एक ओळ टाकायला सांगा की साठ जणांत चौथा. तो आकडा कुठल्याही जीपीएपेक्षा पटकन कळतो, असं मला तरी वाटतं. फॉर्ममध्ये स्केलचा ड्रॉपडाउन नीट बघा, १० च्या जागी ४ राहिलं तर गोंधळ. आणि काही फॉर्म ४ च्या वर आकडा घेतच नाहीत, तिथे अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा ॲडमिशन ऑफिसला दोन ओळींचा मेल टाका, उत्तर देतात ते.

एजन्सी कोणी घ्यावी? कॉलेजने नाव घेऊन मागितलं असेल तर वादच नाही, मुकाट्याने करा, फक्त त्यांना कुठल्या एजन्सीचा चालतो ते बघून. तीन वर्षांची बीकॉम, बीएस्सीवाल्यांनी पण जरा विचार करावा, कारण तिथे प्रश्न मार्कांचा नसतो, डिग्री तिकडच्या चार वर्षांच्या बरोबरीची धरतात का हा असतो, आणि त्यावर एजन्सीचा कागद असला तर बोलायला जागा राहते. कॅनडाच्या पीआरचा, म्हणजे तिथे कायमचं राहायच्या परवानगीचा, रिपोर्ट मात्र वेगळा असतो, एकात दोन काम होईल म्हणून अमेरिकेचा घेऊ नका.

बहिणीला हे सगळं सांगितलं. तिने फुकटच्या कॅल्क्युलेटरवर मार्क टाकून बघितले, आकडा मला सांगितला नाही पण आवाज बदलला. कापलेली दोन कॉलेजं लिस्टमध्ये परत आली, फॉर्ममध्ये ७.४ आउट ऑफ १०. एकाला मात्र एजन्सीचाच रिपोर्ट लागतो, तेव्हा शुक्रवारी ती विद्यापीठात जातेय. म्हटलं अगं, बाकी काही विसरलीस तरी चालेल, स्टेशनरीच्या दुकानातून नवीन स्टॅम्प पॅड घेऊन जा, जांभळं.