बुलेटच्या हेडचं काम: आठ महिने आणि ६,२०० किलोमीटरनंतर

माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० २०१४ ची, जुन्या यूसीई इंजिनची (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात), कार्ब्युरेटरवाली. ४१,००० किलोमीटरला हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवलं. काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला गाडी उडतेय असंच वाटतं, म्हणून मुद्दाम थांबून आता लिहितोय.

भुईबावडा घाट चढताना तिसऱ्या गिअरवर दम लागायचा आणि सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धूर यायचा. मोठा पिस्टन बसव, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी मात्र आधी हेड मागितलं. प्लग आणि व्हॉल्व्ह तसेच ठेवून ते उलटं केलं आणि चेंबरमध्ये (पेट्रोल जळतं त्या खोलगट भागात) वाटीत ओतावं तसं रॉकेल ओतलं. मिनिटभरात एक्झॉस्टच्या भोकातून थेंब पडायला लागले, म्हणजे व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता. "बघ, तुझी ताकद हितनं जात्या," मामा म्हणाले.

मी शिरोलीला फौंड्रीत फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या कामाला आहे, कास्टिंगची कड कुठं राहिली हे बोटालाच कळतं. इनटेक पोर्टमध्ये (पेट्रोल-हवा आत येते त्या वाटेत) नखाला अडेल एवढी कड होती आणि मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब्युरेटर जोडणाऱ्या नळीचं, तोंड हेडच्या तोंडाशी जुळत नव्हतं. तेवढंच घासून एकसारखं केलं, पोर्ट मोठा केला नाही. इनटेक आरशासारखा चमकवायच्या नादाला लागू नका. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल भिंतीला धरून ओघळतं, तिथं थोडा खरखरीतपणा असलेलाच बरा. एक्झॉस्ट गुळगुळीत केला, त्यावर कार्बन कमी धरतो. व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नवीन गाईड, नवीन ऑइल सील, व्हॉल्व्ह टेकतो त्या सीटला ३०-४५-६० अंशांचे तीन कट आणि मग पेस्ट लावून व्हॉल्व्ह हातानं सीटवर घासून बसवणं, म्हणजे लॅपिंग. परत रॉकेल ओतलं. चहा पिऊन आलो, तरी खाली कागद कोरडाच.

हेडचा फेस, म्हणजे सिलिंडरवर बसणारा सपाट भाग, अर्धा मिलीमीटर घासून घेतला. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७० आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ९० मिलीमीटर, कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ८.५, म्हणजे चेंबर साधारण ४६ सीसी. त्यातले जवळपास २ सीसी कमी झाले की कॉम्प्रेशन ८.८ च्या आसपास जातं. व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी (पुशरॉड) उघडणारं इंजिन असलं तरी टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरणारे आहेत, एवढा फरक ते सांभाळून घेतात. एक-दीड मिलीमीटर काढून देतो म्हणणारेही भेटतील. काढलेली धातू परत लावता येत नाही, तेव्हा हात आखडताच ठेवा.

जोडणी दुसऱ्या एका गॅरेजात केली, तिथं फसलो. टॉर्क पाना (बोल्ट किती आवळला ते दाखवणारा) न वापरता अंदाजानं बोल्ट आवळले आणि ७०० किलोमीटरला जॉइंटमधून ऑइल पाझरायला लागलं. नवीन गॅस्केट आणि अख्खा रविवार गेला. त्याचा राग अजून आहे. दुसऱ्या वेळी समोर उभं राहून, समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्यानं आवळून घेतले. तेव्हापासून एक थेंब नाही.

गॅस्केट धरून सगळा खर्च ७,८०० रुपये. टॉप स्पीड होतं तेवढंच आहे. चौथ्यावर ४० ते ७० ची ओढ मात्र बदलली. बायको मागं आणि दोन बॅगा असताना वैभववाडीकडून घाट चढलो, पूर्वी दुसरा टाकावा लागायचा तिथं तिसऱ्यावरच निघालो. ॲव्हरेज ३० वरून ३३ वर आलं, धूर बंद. माझ्या मते या फरकात बारा आणे वाटा सीट, गाईड आणि सीलचा आहे, पोर्टिंग आणि फेसिंगचा चार आणे. म्हणून गाडी जुनी असेल तर आधी कॉम्प्रेशन तपासून घ्या, ताकद वाढवायचं नंतर बघा.

एक त्रास राहिलाय. उन्हाळ्यात पाचव्यावर कमी स्पीडला थ्रॉटल पिळला की किटकिट ऐकू येते. गिअर उतरवला की थांबते, पण सवय लावून घ्यावी लागली. सुरुवातीला प्लग पांढरा पडत होता, म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं, म्हणून कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर वाढवला. गेल्या आठवड्यात दोन्ही प्लग काढून बघितले, रंग भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा.