झारचे घर अस्सल, सनावळी मात्र सैल

फ्रँकलिन शॅफनर यांचा ‘निकोलस अँड अलेक्झांड्रा’ (१९७१) हा रशियाचा शेवटचा झार दुसरा निकोलस आणि त्याची पत्नी अलेक्झांड्रा यांच्यावरचा तीन तासांहून मोठा चित्रपट १९०४ मध्ये युवराज अलेक्सीच्या जन्मापाशी सुरू होतो आणि जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबर्गच्या तळघरात या कुटुंबाच्या हत्येपाशी संपतो. कलादिग्दर्शन आणि वेशभूषा या दोन्हींसाठी त्याला मिळालेले ऑस्कर पुरस्कार सार्थच होते. झारच्या तोंडी इंग्रजी ऐकताना सुरुवातीला खटकते खरे. पण अलेक्झांड्रा ही व्हिक्टोरिया राणीची नात, आणि हे पतिपत्नी एकमेकांशी इंग्रजीतच बोलत व पत्रव्यवहारही इंग्रजीतच करीत, हे आठवले की ती तक्रार उरत नाही.

तक्रार आहे ती सनावळीबद्दल. पंतप्रधान स्टोलिपिनची कीव्हच्या नाट्यगृहात हत्या झाली ती १९११ मध्ये. चित्रपटाने ती झारच्या रोमानोव्ह घराण्याच्या त्रिशताब्दी सोहळ्याला, म्हणजे १९१३ ला, नेऊन जोडली आहे. त्या वर्षी पंतप्रधानपदावर कोकोव्ह्त्सोव्ह होता. उत्सवाच्या झगमगाटात गोळी सुटल्याने प्रसंग रंगतो, यात शंका नाही; परंतु स्टोलिपिन गेल्यानंतरची दोन वर्षे त्यात सरळ गिळली जातात. लॉरेन्स ऑलिव्हिएने साकारलेला माजी पंतप्रधान विट्टे १९१४ मध्ये झारला युद्धापासून परावृत्त करू पाहतो, हे स्वातंत्र्य मला तितकेसे खुपले नाही, कारण खरा विट्टे १९०६ पासून सत्तेबाहेर असला तरी युद्धाला त्याचा विरोध होताच.

अभिनयात मात्र पात्रे इतिहासाशी अधिक प्रामाणिक राहतात. मायकेल जेस्टनचा निकोलस दुष्ट नाही आणि बिचाराही नाही. समोरच्याचे म्हणणे सौजन्याने ऐकून घ्यायचे आणि शेवटी आपलेच करायचे, हा त्या माणसाचा खरा दोष त्याने आवाज न चढवता दाखवला आहे. १९०५ च्या ‘रक्तरंजित रविवारी’ मागण्या घेऊन आलेल्या लोकांवर झालेल्या गोळीबाराची बातमी ऐकून तो हादरतो, आणि तरीही लोकांच्या मागण्या आपण मान्य केल्याच नसत्या, अशी कबुली देतो. राजत्याग करून परतल्यावर पत्नीपुढे तो कोसळतो, तेव्हा इतका वेळ जपलेला तो शांतपणा किती पोकळ होता, ते कळते. जॅनेट सूझमनची अलेक्झांड्रा सहानुभूती मागत नाही. मुलाच्या रक्तस्रावाच्या आजाराने पिचलेली ही आई रासपुतीन या साधूच्या आहारी जाते, तेव्हा तिचा राग येतो आणि तिचे म्हणणे पटतेही. टॉम बेकरचा रासपुतीन सारा डोळ्यांत आहे. त्याच्या हत्येचा प्रसंग मात्र मारेकरी युसुपॉव्हने स्वतःच रंगवून सांगितलेल्या हकिकतीवर फार विसंबतो. लेनिनची दृश्ये तर वरून चिकटवल्यासारखी वाटतात.

शेवटच्या तळघरातील प्रसंगात खुर्च्यांवर बसलेले कुटुंब वाट पाहते. संगीत नाही, संवाद जवळजवळ नाहीत, फक्त दाराकडे लागलेली नजर. प्रत्यक्षात त्या रात्री अकरा जण मारले गेले. डॉक्टर बोटकिनखेरीज दासी, स्वयंपाकी आणि खिदमतगारही त्यांत होते, आणि मुलींच्या कपड्यांत शिवलेल्या जडजवाहिरांमुळे गोळ्या अडून ती कत्तल बराच वेळ चालली. चित्रपटाने नोकरांना वगळले आहे आणि मृत्यू क्षणात उरकला आहे. जवाहिरांची गोष्ट टाळण्यामागचा संकोच मी समजू शकतो. पण अखेरपर्यंत मालकांसोबत राहिलेली ती तीन माणसे त्या खोलीत दिसायला हवी होती.