‘लेट देम टॉक’: डॉ. हाऊसचा गळा आणि त्याची बोटं

‘हाऊस’ ही अमेरिकी टीव्ही मालिका आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलेली. त्यातल्या डॉक्टरचा, म्हणजे ती भूमिका करणाऱ्या ह्यू लॉरीचा, गायक म्हणून हा पहिला अल्बम. आला २०११ साली, मालिका चालू असतानाच. माझ्या हाती तो या पावसाळ्यात लागला आणि दिवाळी उलटली तरी सुटलेला नाही. कोथरूडहून हिंजवडीला जाताना वाकडच्या कोंडीत जो वेळ जातो, तो बहुतेक याच्याच वाट्याला येतो.

आधी गळ्याचं सांगते, कारण नटाचा अल्बम म्हटलं की पहिली शंका तीच. आवाज पातळ, किंचित नाकातला, वर ताणला की कोरडा पडणारा. लॉरी ऑक्सफर्डचा, आणि गाणी बहुतेक अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गवयांची, ब्लूजची. आपण काही १८९०च्या दशकात अलाबामात जन्मलेलो नाही, हे अल्बमसोबतच्या मजकुरात तो स्वतःच सांगून टाकतो. हा प्रांजळपणा मला आवडला. तरीही ‘बॅटल ऑफ जेरिको’ला जो भक्तीचा जोर लागतो तो या गळ्यातून निघत नाही. इतक्या महिन्यांनंतरही माझं मत बदललेलं नाही.

लॉरीचा पियानो मात्र अस्सल. पहिलं गाणं ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’, दवाखान्यात प्रेयसीचं प्रेत पाहायला गेलेल्या माणसाचं. शब्द सुरू होण्याआधी बराच वेळ नुसता पियानो चालतो. बंदिशीआधी गवई राग उभा करतो तसा लॉरी एक जागा घेतो, थांबतो, दुसरी चाचपतो. अख्ख्या अल्बममध्ये मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेला तुकडा हाच. ‘स्वानी रिव्हर’ संथ सुरू होऊन मध्येच असं उसळतं की गाडीत बसल्या बसल्या पाय ठेका धरतो.

साथीला कोण आहेत ते पाहा. निर्माता जो हेन्री, ब्रास वाद्यांची रचना अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरचे संगीतकार ॲलन टूसां यांची. ‘जॉन हेन्री’त तिथल्याच गायिका आयर्मा थॉमस, ‘बेबी प्लीज मेक अ चेंज’मध्ये त्यांच्या जोडीला वेल्सचे गायक टॉम जोन्स. ‘आफ्टर यू हॅव गॉन’ तर लॉरीनं न्यू ऑर्लिन्सचे गायक-पियानोवादक डॉ. जॉन यांच्याच गळ्यावर सोपवलंय. पहिल्या अल्बममध्ये अख्खं गाणं दुसऱ्याच्या हवाली करायला मन मोठं लागतं, आणि गाण्याची समजही.

माझी आई नाट्यसंगीतावर वाढलेली, बालगंधर्व आणि दीनानाथांचं गाणं जपणाऱ्या घरातली. नटानं गावं याचं तिला काडीचं अप्रूप नाही. दोन-तीन गाणी शांतपणे ऐकून म्हणाली, “लय पक्की आहे हो याची. गळा बेताचा.” आयर्मा थॉमसचा आवाज आला तशी हातातली भाजी बाजूला ठेवून ऐकत बसली. याहून नेमकं परीक्षण मला लिहिता येणार नाही.

हा अल्बम इतके महिने टिकला त्याचं मोठं कारण म्हणजे त्यानं मला मूळ गाण्यांकडे नेलं. ‘बडी बोल्डन्स ब्लूज’चंच घ्या. बोल्डन न्यू ऑर्लिन्सचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) वाजवणारा, जॅझच्या अगदी सुरुवातीचा. त्याचं एकही ध्वनिमुद्रण आज हाती नाही. त्याची आठवण गाण्यात ठेवली जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टननं, आणि लॉरी ती जपून, हळुवार गातो. तिथे त्याचा पातळ आवाज शोभतो. ‘दे आर रेड हॉट’ ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सननं १९३६ साली गायलेलं. ‘टिपिटिना’ न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर याचं. ते मूळ ऐकलं की लॉरी जरा सावध वाटतो, वडीलधाऱ्यांसमोर वाजवल्यासारखा. पण आपल्याकडे शिष्य गुरूची चीज मांडताना असाच मांडतो, आणि मला त्यात खोट दिसत नाही.

ऐकायचा तर चांगल्या हेडफोनवर किंवा स्पीकरवर ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) पार हरवतो आणि उरतो तो नेमका गळा. पंधरा गाणी एका बैठकीत जास्त होतात, शेवटाकडे चाली एकसारख्या वाटू लागतात. शब्दही पहिल्या ऐकण्यात सगळे कळत नाहीत, गीतांचा मजकूर समोर ठेवावा. सुरुवात ‘सेंट जेम्स इन्फर्मरी’नं करा, मग ‘पोलीस डॉग ब्लूज’, मग ‘जॉन हेन्री’. ही तीन आवडली तर २०१३ चा ‘डिडन्ट इट रेन’ही घ्या. त्यात गायिका गॅबी मोरेनो आणि ताज महाल नावाचे ब्लूज गायक यांचे आवाज आहेत.