पावसाळी फीवर पॅनल : कुठे पैसे वसूल, कुठे नुसतंच बिल

नाशिकमधे इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, कुठेही बघा सध्या घराआड एक ताप आहे आणि सोसायटीच्या ग्रुपवर रोज कुणीतरी विचारतंय लॅब कुठली चांगली, तापाच्या सगळ्या टेस्टचा एकत्र पॅनल घ्यावा का सुट्या टेस्ट कराव्यात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. लॅबचं नाव देत नाहीये, कारण हा पॅनल थोड्याफार फरकाने सगळेच विकतात, कुणी मान्सून पॅकेज म्हणतं कुणी फीवर प्रोफाइल, आतला माल तोच. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मलेरिया, डेंग्यूचं एनएस१, आयजीएम आणि आयजीजी, चिकुनगुनिया आयजीएम, टायफॉइडसाठीचं विडाल, शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी, लघवी. आमच्या ह्यांना ताप आला तेव्हा घेतला, दोन हजाराच्या आत-बाहेर पडला.

आधी चांगलं सांगते. घरी सॅम्पल घ्यायला जो मुलगा आला तो एकदम कामाचा. हेल्मेट काढायच्या आधी पहिला प्रश्न, "काकू, ताप नक्की कधीपासून? काल रात्रीपासून का परवापासून?" मी म्हटलं परवा संध्याकाळी कणकण होती, तर त्याने फॉर्मवर तापाचा दुसरा दिवस असं मोठ्या अक्षरात लिहिलं. मग जांभळ्या झाकणाची एक ट्यूब आणि पिवळ्या झाकणाची एक, दोन्हीवर नाव आणि वेळ रक्त काढायच्या आधी घातली, ट्यूब हळूच चार-पाच वेळा उलटीसुलटी केली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि गेला. ह्यांची शीर सापडत नाही कधी, एका टोचण्यात काम झालं. ह्या मुलाला पाचात पाच.

आता रडगाणं. ॲपवर बुकिंग करताना ताप कितवा दिवस हे कुठेच विचारत नाहीत. आणि खरं तर ह्या पॅनलमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे. डेंग्यूचा विषाणू रक्तात असतो तेव्हा त्याचं एनएस१ नावाचं प्रोटीन सापडतं, म्हणजे पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत. आयजीएम म्हणजे शरीराने तयार केलेली अँटीबॉडी, ती पाचव्या दिवसाच्या आसपास दिसायला लागते. म्हणजे दुसऱ्या दिवशी आयजीएम करून काय मिळणार, निगेटिव्हच येणार, आणि माणूस वाचतो डेंग्यू आयजीएम निगेटिव्ह, चिकुनगुनिया निगेटिव्ह, आणि निवांत होतो. तेच सातव्या दिवशी नुसतं एनएस१ केलं तर तेही निगेटिव्ह येऊ शकतं. आयजीजी म्हणजे उशिरा येऊन पुढे टिकून राहणारी अँटीबॉडी, ती एकटी पॉझिटिव्ह आली तर बहुतेक जुना झालेला डेंग्यू. डेंग्यूचे चार प्रकार आहेत, एक होऊन गेला म्हणजे बाकी तीन आहेतच, त्यामुळे मला आधी झालाय आता काय होणार असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबा. उलट दुसऱ्यांदा झालेला जास्त त्रास देऊ शकतो.

तर आमचं एनएस१ पॉझिटिव्ह, बाकी सगळं निगेटिव्ह, आणि विडाल मात्र थोडं वर. विडाल थोडं वर हे नाशिकमधे अर्ध्या लोकांचं असतं असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं, टायफॉइडची खात्री करायची तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमधे वाढवून बघणं. पण पॅनलमधे ते नाही, कारण कल्चरला दिवस लागतात आणि पॅकेजवर तर लिहिलंय रिपोर्ट सेम डे. विडाल बघून लोक टायफॉइडच्या गोळ्या सुरू करतात हे मी आमच्याच जिन्यात बघितलंय, म्हणून माझ्या मते ही टेस्ट पॅनलमधून काढली तरी चालेल, किंमत तेवढी कमी करा.

दुसरी गोष्ट रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत, अगदी बारीक अक्षरात. पद्धत : रॅपिड कार्ड. म्हणजे ती प्रेग्नन्सी टेस्टसारखी पट्टी, दोन रेघा आल्या की पॉझिटिव्ह. वाईट नाही, पटकन कळतं. पण सरकारी हिशेबात रॅपिडवर पॉझिटिव्ह आलेला पेशंट अजून संभाव्यच असतो, खात्रीचा धरतात तो एलायझा, म्हणजे लॅबमधल्या यंत्रावर होणारी जास्त भरवशाची टेस्ट, केल्यावर. ह्यासाठी ठरलेली सेंटिनेल, म्हणजे साथीवर नजर ठेवणारी, हॉस्पिटल्स आहेत, आणि आयजीएम एलायझाची किट पुण्याच्या एनआयव्हीतून म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेतून त्यांना जातात. मी कस्टमर केअरला फोन करून विचारलं की एलायझा करता का, तर म्हणे मॅडम पॅकेजमधे सगळं आहे. सगळं म्हणजे काय हे तिलाही माहीत नव्हतं बिचारीला, समोरच्या स्क्रीनवर दिसतं तेवढं वाचत होती. शेवटी सिव्हिलला सॅम्पल दिलं, तिथे पैसे लागले नाहीत, रांग मात्र लागली, आणि रिपोर्टला वेळ. ज्यांना घाई नाही आणि पेशंट स्थिर आहे त्यांनी तिथेच द्यावं असं माझं स्पष्ट मत.

प्लेटलेटचं पण सांगते कारण सगळ्यात जास्त घबराट त्याचीच. लॅबने इथे काम चोख केलं. मशीनने आकडा कमी दाखवला की कधीकधी प्लेटलेट गुठळ्या करून बसलेल्या असतात आणि मशीन त्यांना मोजतच नाही, लॅबवाल्यांनी स्मिअर करून, म्हणजे काचेवर रक्ताचा थेंब पसरून, डोळ्याने बघितलं आणि रिपोर्टमधे तसं लिहिलं, न मागता. फक्त पीसीव्ही, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा भाग किती, त्या आकड्याकडे कुणी लक्ष वेधलं नाही, ते डॉक्टरांनी दाखवलं. डेंग्यूत रक्तातलं पाणी शिरांबाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं, पीसीव्ही वर चढतो आणि प्लेटलेट खाली येतात, हे दोन्ही एकत्र दिसलं तर सावध. आणि गंमत म्हणजे हे ताप उतरताना होतं. लोक ताप उतरला म्हणून ऑफिसला जातात आणि तिथेच पोटात दुखायला लागतं, उलट्या, हातपाय गार. आमच्याकडे तेवढे दिवस रोज सीबीसी केली, तीच टेस्ट सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी निघाली. बाकी किवी आणि पपईच्या पानांचा रस ह्यावर मी काही बोलत नाही, कॉलेज रोडच्या फळवाल्यांनी पावसाळ्यात किवीचा जो भाव लावलाय त्यावर वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल.

आता हा रिव्ह्यू मुळात ज्यासाठी लिहायला घेतला तो मुद्दा. तुमचा रिपोर्ट लॅबमधून निघून फक्त तुमच्या व्हॉट्सॲपवर आला तर ती अर्धीच सर्व्हिस झाली. डेंग्यूचे पेशंट लॅबने आणि डॉक्टरांनी आरोग्य खात्याला कळवायचे असतात. देशात २००४ पासून ह्यासाठी रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे, त्यात तीन फॉर्म, एस म्हणजे आशाताई आणि नर्सबाई लक्षणं बघून भरतात तो, पी म्हणजे डॉक्टरांच्या अंदाजाचा, एल म्हणजे लॅबचा. २०२१ पासून ते सगळं ऑनलाइन पोर्टलवर. मी लॅबला विचारलं तुम्ही कळवता का, तर काउंटरवरच्या बाईंनी आधी माझ्याकडे मी तक्रार करायला आले असं बघितलं, मग आतून एक सर आले आणि म्हणाले हो, रोज यादी जाते. खरं वाटलं नाही. पण नंतर महापालिकेच्या मलेरिया विभागाचे दोघं दारात उभे, हातात यादी, त्यात आमचं नाव. म्हणजे यादी जाते. ह्यासाठी लॅबला मी एक तारा वाढवून देतेय.

त्या दोघांचं काम बघण्यासारखं होतं. घरात आले ते सरळ फ्रीजच्या मागे. ट्रे ओढला, टॉर्च मारला. मग बाल्कनीतल्या कुंड्यांच्या बशा, मनी प्लँटची बाटली, गच्चीवरची टाकी. आमच्या घरात काही मिळालं नाही, मिळालं ते लिफ्टच्या खड्ड्यात साचलेल्या पाण्यात आणि खालच्या मजल्यावरच्या गाळ्याचं काम चालू आहे तिथल्या प्लॅस्टिकच्या पिंपात. पांढऱ्या डब्यात पाणी घेऊन दाखवलं, टॉर्चचा उजेड पडला की अळ्या वळवळत खाली पळतात. मोठे होते ते म्हणाले, "वहिनी, ही डेंग्यूची बघा, तिरकी लटकलीय. मलेरियाची पाण्याला आडवी पडते." सगळी वरात डब्यावर वाकलेली, वॉचमनसकट. पिंप ओतलं, खड्ड्यात औषध टाकलं, भिंतीवर तारीख लिहिली, आणि आजूबाजूच्या घरांत कुणाला ताप आहे का विचारत गेले.

सोसायटीतल्या काकांचा आग्रह धुराच्या गाडीचा. धूर मारा, धूर मारा. धुराने त्या वेळी उडत असलेला डास मरतो, पिंपातल्या अळीला काही होत नाही, आठवड्याभरात नवीन पलटण तयार. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा सांगतात, आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात, भांडं घासावंच लागतं. डेंग्यूचा हा डास दिवसा चावतो आणि फार लांब उडत नाही, शेदोनशे मीटरचा मामला, त्यामुळे पेशंट सापडला की त्याच्या आसपासच शोधायचं हे गणित बरोबर आहे. फक्त ते पेशंट पडल्यावर सुरू होतं ह्याचं वाईट वाटतं. माझं माहेर पिंपळगाव बसवंतचं, तिथे द्राक्षबागेत पिवळे-निळे चिकट सापळे टांगलेले असतात, तुडतुडे नि फुलकिडे किती चिकटले ते बघून माणूस फवारणीचं ठरवतो, घड खराब व्हायची वाट बघत नाही. डासांसाठी पण असा सापळा असतो, काळं भांडं, थोडं पाणी, आत एक खरबरीत पट्टी, मादी त्यावर अंडी घालते, दर आठवड्याला मोजायची. सिंगापूरने डासांच्या माद्या पकडणारे सापळे अख्ख्या वस्त्यांमधे बसवलेत. आपल्याकडे वॉर्डात असे थोडे जरी लागले तरी खूप झालं.

अजून एक, आमच्या शेजारच्या वहिनी पाचव्या महिन्यात आहेत, त्यांनी विचारलं ह्या पॅनलमधे झिका येतो का. नाही येत. आणि हा प्रश्न अजिबात वेडा नाही. झिका पसरवणारा डास डेंग्यूचाच, आणि गरोदरपणात झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. महाराष्ट्रातला पहिला पेशंट २०२१ मधे पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात सापडला, २०२४ मधे पुणे शहरात सापडले. बेलसरला तापाची साथ होती, चिकुनगुनिया निघत होता, आणि तपासता तपासता त्यातच झिका निघाला. पॅनलचं असंच असतं, तुम्ही जे विचाराल त्याचंच उत्तर मिळतं. १९६५ मधे नागपूरकडे डेंग्यू-चिकुनगुनियासारख्या तापाची साथ होती तेव्हा पुण्याच्या संस्थेने पेशंटच्या रक्तातून एक वेगळाच विषाणू काढला, गावाच्या नावावरून चांदीपुरा. तो पसरवते वाळूमाशी, डासाहून बारीक, मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणारी. पुढे २००३ ला आंध्रात आणि २०२४ ला गुजरातेत त्याने लहान मुलांचे जीव घेतले, ताप, झटके आणि एकदोन दिवसांत सगळं संपू शकतं. गुजरात आपल्याला काही लांब नाही, पेठ-सुरगाण्याच्या पलीकडे लगेच. म्हणून सगळं निगेटिव्ह आणि ताप हटत नाही अशा वेळी तेच पॅनल दुसऱ्या लॅबमधे परत करण्यात काही अर्थ नाही, डॉक्टरांना सांगून सॅम्पल पुढे पाठवायला लावा, ती सोय सरकारी दवाखान्यातून होते.

आणि २०२७ चा पावसाळा डोळ्यासमोर आणा, ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची स्नानं, अख्ख्या देशातून माणसं रामकुंडावर, बरोबर डासांच्या सीझनला. रस्ते आणि पुलांच्या बातम्या रोज वाचतेय. वॉर्डावॉर्डात ताप मोजणारी माणसं किती वाढवणार ह्याची एखादी बातमी वाचायला आवडेल.

तर रेटिंग. सॅम्पल घेणारा मुलगा पाच, सीबीसी आणि स्मिअर पाच, कस्टमर केअर दोन, पॅनल म्हणून पॅनल तीन, कारण चिकुनगुनियाचं आयजीएम नंतर सांधे धरले तेव्हा परत करावं लागलं आणि त्याचे पैसे पूर्ण घेतले, आधीची टेस्ट फुकट गेली त्याचं काय विचारलं तर सिस्टिममधे सवलत बसत नाही. ते दुसरं पण निगेटिव्हच आलं, म्हणजे दुखणं डेंग्यूचंच. एकूण साडेतीन. परत घेणार का? पॅनल नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत ताप असेल तर सीबीसी, मलेरिया आणि एनएस१ सुटं मागा, पाच-सहा दिवस उलटले असतील तर आयजीएम, आणि डॉक्टरांना विचारूनच. सुटं मागितलं की काउंटरवर पॅकेज स्वस्त पडेल म्हणून गळ घालतात, तिथे जरा ठाम राहा. घरून सॅम्पल द्यायचं असेल तर आदल्या रात्रीच बुक करा, सकाळी आठनंतर ॲपवर स्लॉट दिसत नाहीत.